झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि आय५-१२४०० : बोर्ड जळाल्यानंतरचा हिशेब

मदरबोर्ड गेला, झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) शाबूत आहे. जुन्या झिऑनवर उभारलेल्या स्वस्त पीसीत बहुतेक वेळा असंच होतं. डेटा सेंटरमधून उतरवलेला प्रोसेसर सहसा मरत नाही, मरतो तो त्याच्याखालचा निनावी एक्स९९ बोर्ड. या वेळी व्हीआरएममधलं (प्रोसेसरला लागणारा व्होल्टेज तयार करणारा बोर्डावरचा भाग) एक मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारी चिप, शॉर्ट झालं. लक्षण सोपं आहे: बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. आठ पिनांची सीपीयू पॉवर केबल काढली की पंखे नीट फिरतात, लावली की पुन्हा तेच. अशा वेळी नवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेऊन पैसे घालवू नका. प्लग काढा, केबल काढा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि बोर्डावरच्या त्या कनेक्टरची १२ व्होल्टची पिन व ग्राउंड तपासा. सुरुवातीचा क्षणभराचा बीप कपॅसिटरचा असतो. बीप थांबतच नसेल तर बोर्ड गेला. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: टेस्टिंग वॉरंटी संपली, बोर्ड रिपेअर होत नाही, दुसरा घ्या.

दुसरा घ्यायचा की नाही, यासाठी हा हिशेब. शेजारी आय५-१२४०० चा साधा पीसी आहे, त्यामुळे दोन्हीवर तेच काम टाकून बघता आलं.

कागदावरचं सगळ्यांना माहीत आहे. झिऑन २०१६ चा, १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश, १२० वॉट. आय५ २०२२ चा, ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट, टर्बोत (गरजेपुरता वाढवलेला वेग) ११७ पर्यंत. कोअर दुपटीहून जास्त, म्हणजे काम दुप्पट, असं वाटतं. प्रत्यक्षात ब्लेंडर (थ्रीडी रेंडर) किंवा सिनेबेंच आर२३ (वेग मोजायची चाचणी) मध्ये सगळे थ्रेड लावले तर दोघं जवळपास बरोबरीत येतात, झिऑन थोडा पुढे. एकच थ्रेड लावला तर आय५ साधारण दुप्पट वेगवान. झिऑनचा ३.३ गिगाहर्ट्झचा टर्बो एक-दोन कोअरपुरता आहे, सगळे कोअर कामाला लागले की तो २.९ वर येतो. ‘टर्बो अनलॉक’ची (सगळे कोअर कमाल टर्बोवर चालवायची) युक्ती व्ही३ वर, म्हणजे आधीच्या पिढीवर, चालते, व्ही४ वर नाही. कोणी ‘अनलॉक करून देतो’ म्हणून व्ही४ चे जास्त पैसे मागत असेल तर दुकान बदला.

एका थ्रेडवर चालणारी कामं किती आहेत, ते बघा. एक्सेलची मोठी शीट, ऑटोकॅडमधलं बहुतेक ड्रॉइंग, फोटोशॉपचे बरेच फिल्टर, ब्राउझर, प्रोग्राम बिल्ड करताना शेवटची लिंकिंगची पायरी. तिथे झिऑनचे तेरा कोअर बसून असतात आणि एक राबतो.

आता खरा राग ज्याचा आहे ते: रिकामं बसून तो खातो किती. भिंतीच्या सॉकेटवर वॉटमीटर लावला. आय५ इनबिल्ट ग्राफिक्सवर, डेस्कटॉप उघडा, काही चालू नाही: सुमारे २५ वॉट. झिऑन, चार रॅम स्टिक आणि चित्र दिसावं म्हणून लावलेलं जीटी ७१० कार्ड (या प्रोसेसरला इनबिल्ट ग्राफिक्स नाही, कार्ड लागतंच): सुमारे ७५ वॉट. फरक ५० वॉट. दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला १५ युनिट. होम सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवला तर ३६ युनिट, वर्षाला ४३८. महावितरणचे घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे चढत जातात. घराचा वापर २८० च्या आसपास असेल तर हे ३६ युनिट ३०० ची रेघ ओलांडतात आणि वरचे १६ युनिट महागड्या दराने लागतात. हे सगळं काहीही काम न करता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, फक्त हा मसाला दर महिन्याला विकत घ्यावा लागतो.

यातला थोडा दोष प्रोसेसरचा नाही, बोर्डाच्या बायॉसचा (मूळ सॉफ्टवेअरचा) आहे. या बोर्डांवर सी-स्टेट (रिकामा प्रोसेसर झोपवून वीज वाचवणाऱ्या अवस्था) बहुधा बंद असतात. बायॉसमध्ये ‘इंटेलआरसीसेटअप’ नावाचा मेनू असतो, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंटखाली सीपीयू सी-स्टेट कंट्रोल. तिथे सी६ चालू करा, पॅकेज सी-स्टेट लिमिट सी६ वर ठेवा, सी१ई चालू ठेवा. लिनक्सवर टर्बोस्टॅट हा प्रोग्राम चालवून पॅकेज सी६ च्या रकान्यात शून्याऐवजी टक्के दिसू लागले की जमलं. ७५ चे ६० झाले. म्हणजे वरचा हिशेब तितका वाईट राहत नाही, फरक ३५ वॉटवर येतो. पण ६० च्या खाली जाणं कठीण. चार चॅनलचा (रॅमकडे जाणाऱ्या चार वाटांचा) मेमरी कंट्रोलर, आरडीआयएमएमवरच्या (सर्व्हरच्या रॅमवरच्या) रजिस्टर चिप आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड हे सगळं जागंच असतं.

मग वाटतं, काम नसताना स्लीप करू. स्लीप चालत नाही! पीसी झोपतो, उठताना पंखे फिरतात, स्क्रीन काळी. काही बोर्डांच्या बायॉसमध्ये एस३ चा (म्हणजे स्लीपचा) पर्यायच नसतो, काहींत असतो पण रॅम परत जागी होत नाही. उपाय हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पीसी बंद करणं. पण विंडोज हायबरनेटची फाइल मुळात रॅमच्या ४० टक्के धरते, म्हणजे ६४ जीबी रॅमला एसएसडीवरचे २५-२६ जीबी गेले. उठताना परत पूर्ण पोस्ट (चालू होतानाची तपासणी), आणि चार चॅनलची रॅम तपासून हे बोर्ड सावकाश उठतात. लाइट जाऊन आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंगही सीएमओएसची (बायॉसची सेटिंग जपणारी) बॅटरी कमजोर असेल तर विसरलं जातं, आणि बोर्डाबरोबर येणारी बॅटरी बऱ्याचदा कमजोरच असते. पहिल्याच दिवशी नवी सीआर२०३२ घाला. आय५ च्या पीसीत काही जादू नाही, पण स्लीप म्हटलं की तो झोपतो आणि उठवला की उठतो. ही इतकी साधी गोष्ट आहे की तिची किंमत ती गेल्यावरच कळते. माझ्या मते कोअरच्या संख्येपेक्षा ती जास्त महत्त्वाची.

व्हिडिओचंही तेच. जीटी ७१० ला व्हीपी९ आणि एव्ही१ (यूट्यूबचे व्हिडिओ फॉरमॅट) डीकोड करता येत नाही. यूट्यूबवर फोरके लावलं की चित्र काढायला प्रोसेसर राबतो, पंख्याचा आवाज चढतो आणि वॉटमीटरही चढतो. आय५-१२४०० मधलं यूएचडी ७३० हे दोन्ही बसल्याजागी करतं. क्विकसिंकने (त्यातल्या व्हिडिओच्या खास भागाने) एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये एन्कोडही होतं, त्यामुळे जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर चालवायचा तर झिऑनचा विचारच नको. फक्त १२४००एफ घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नाही.

इथपर्यंत वाचून झिऑन भंगारात द्यावा असं वाटेल. रॅमपाशी मात्र मत बदलावं लागतं. सर्व्हरमधून उतरवलेली आरडीआयएमएम झिऑनला चालते, ३२ जीबीच्या स्टिकसुद्धा. आठ स्लॉटच्या बोर्डावर २५६ जीबी होतात. आय५ च्या डीडीआर४ बोर्डावर चार स्लॉट असले तरी १२८ जीबीवर गाडी थांबते, आणि तिथे आरडीआयएमएम चालत नाही. खाच सारखीच असल्यामुळे ती स्लॉटमध्ये बसते, पीसी मात्र सुरूच होत नाही. आठ-दहा व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीत चालणारे आभासी पीसी) चालवायच्या, प्रत्येकीला १२-१६ जीबी द्यायचे, तर झिऑनला पर्याय नाही. तिथे एकट्या थ्रेडचा वेग कोणी विचारत नाही. पीसीआयईच्याही (कार्डांसाठीच्या वाटांच्या) ४० लेन आहेत: ग्राफिक्स कार्ड, डिस्कचं एचबीए कार्ड आणि दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड एकाच वेळी पूर्ण लेनवर बसतात. शिवाय ईसीसी, म्हणजे रॅममधली चूक ओळखून दुरुस्त करणं. एखाद्या स्टिकचा बिट उलटला तर विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची ४७ नंबरची नोंद येते, म्हणजे चूक दुरुस्त झाली आणि खबरही मिळाली. साध्या रॅमवर तीच चूक फाइलमध्ये गुपचूप जाते.

पण रॅम कशी लावली यावर बरंच अवलंबून आहे. चार चॅनल भरले तर डीडीआर४-२४०० वर ७६.८ जीबी प्रतिसेकंद. पैसे वाचवायला दोनच स्टिक लावल्या तर ३८.४, म्हणजे आय५ च्या दोन चॅनल डीडीआर४-३२०० च्या ५१.२ पेक्षाही कमी. चार छोट्या स्टिक घ्या, दोन मोठ्या नकोत. आरडीआयएमएम आणि साधी रॅम एकत्र चालत नाही.

या बोर्डांची एक खोड नेमकी इथेच दिसते. ६४ जीबी लावली, दिसते ४८. लोक लगेच रॅम बदलायला धावतात. आधी तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. स्लॉट बदलूनही त्याच चॅनलची रॅम गायब असेल तर दोष सॉकेटमध्ये आहे. प्रोसेसर काढा, त्याचे सोनेरी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टॉर्च तिरका धरून सॉकेटच्या पिना बघा. सगळ्या पिनांची टोकं एकाच रेषेत चमकायला हवीत, एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली आहे. पिना सरळ असतील तर कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे, सारखे आवळा. एका बाजूने जास्त आवळले की त्या टोकाच्या पिना नीट टेकत नाहीत आणि अख्खा चॅनल जातो. कूलर घेताना सॉकेट स्क्वेअर आहे की नॅरो तेही मोजा: भोकांमधलं अंतर ८० बाय ८० मिमी की ५६ बाय ९४. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही.

व्हीआरएम वाचवायचा तर टॉवर कूलरच्या भरवशावर राहू नका. त्याचा वारा मागच्या जाळीकडे जातो, मॉस्फेटवर पडत नाही. एक ८० मिमीचा पंखा झिप टायने थेट त्यांच्यावर बांधा. मे महिन्यात तासन् तास रेंडर टाकायचा असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, क्लॉक २.४ वर राहतो, वेळ थोडा जास्त लागतो, बोर्ड मात्र जगतो.

विंडोज ११ अधिकृतपणे झिऑन व्ही४ वर नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसचं, बँकेचं काम करायचं असेल तर हा एकच मुद्दा आय५ च्या बाजूने पुरेसा आहे. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सवरची सिस्टिम) किंवा साधं लिनक्स टाकणाऱ्याला फरक पडत नाही.

म्हणून: घरात एकच पीसी, बिल, एक्सेल, थोडं एडिटिंग, मुलांचा अभ्यास, तर आय५-१२४०० आणि बी६६० बोर्ड, विषय संपला. व्हर्च्युअल मशीनची लॅब हवी असेल तर झिऑन घ्या, पण पुन्हा निनावी बोर्ड नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला ऑफिसातून उतरलेले एचपी झेड४४० आणि डेल टी५८१० टॉवर शोधा. कंपनीचाच बायॉस, धड व्हीआरएम, आठ रॅम स्लॉट. फक्त झेड४४० घेताना दुकानातच बायॉसमध्ये जाऊन बूट ब्लॉकची (बायॉसच्या मूळ, अपडेटने न बदलणाऱ्या भागाची) तारीख बघा. सुरुवातीच्या बोर्डांवर ती जुनी असते आणि बायॉस अपडेट करूनही व्ही४ चालत नाही, व्ही३ वरच राहावं लागतं. त्याचा एसएमपीएसही एचपीच्या स्वतःच्या कनेक्टरचा आहे, बाजारातला बसत नाही, तेव्हा तो चालू करून, लोड टाकून, पंधरा मिनिटं थांबून मगच पैसे द्या. सुटा प्रोसेसर घेत असाल तर झाकणावर एसआर२एन७ (या मॉडेलचा इंटेलचा कोड) कोरलेलं आहे का बघा. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असेल तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल (चाचणीसाठी बनवलेला नमुना), कितीही स्वस्त असला तरी नको.