दहा किलो इपॉक्सीत एक मिलिमीटरचा थर : माझ्या फसवणुकीचा हिशेब

कोल्हापुरातील आमच्या घरामागे बारा बाय सोळा फुटांची एक खोली आहे. उद्यमनगरातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिथे लहान लेथ, ड्रिल मशीन आणि व्हाइसचे टेबल मांडले. जमीन साध्या सिमेंटच्या कोब्याची असल्याने झाडले की धूळ उडे आणि सांडलेले तेल आत मुरे. म्हणून फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, तिच्यावर स्वतःच्या हाताने इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या लेपाचा, थर द्यायचे मी ठरवले. एका विक्रेत्याची जाहिरात मोबाइलवर पाहिली आणि फोनवर बोलून माल मागवला. त्याने सांगितले ते असे : माल शंभर टक्के घन आहे, म्हणजे उडून न जाता सगळा घट्ट होऊन जमिनीवरच राहतो, त्यात थिनर अजिबात नाही, वास येत नाही, बंद खोलीतही निर्धास्तपणे वापरता येतो, आणि रेझिन व हार्डनर मिळून दहा किलोंच्या संचात दोनशे चौरस फुटांवर एक मिलिमीटर जाडीचा थर बसतो. मी ११,८०० रुपये आगाऊ पाठवले. पक्के बिल मागितले तेव्हा ‘मालासोबत येईल’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात आली ती हाताने लिहिलेली, जीएसटी क्रमांक नसलेली चिठ्ठी.

पैसे पाठवण्यापूर्वी मी एकच गुणाकार केला असता तर पुढचे काहीच घडले नसते. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर सारखा पसरला की त्याची जाडी बरोबर एक मिलिमीटर भरते. माझी खोली १९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १७.८ चौरस मीटर आहे. तिच्यावर एक मिलिमीटरचा थर द्यायला जवळजवळ १८ लिटर माल लागणार, आणि भरणी (बारीक भुकटी) घातलेल्या रंगीत इपॉक्सीचे वजन लिटरमागे साधारण १.४ किलो धरले तर तो २५ किलोंच्या घरात जातो. दहा किलोंत हे होणे कोणत्याही कंपनीच्या मालाला शक्य नाही. आयुष्यभर मापे घेण्यात गेलेल्या माणसाने हा हिशेब मागाहून केला, याचे मला फार वाईट वाटते.

कामात मात्र मी कसूर केली नव्हती. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून कोब्यावर चोवीस तास ठेवला होता. खाली दव जमले नाही की कोब्याचा रंगही गडद झाला नाही. डायमंड कप व्हीलने वरची कच्ची साय घासून काढली होती आणि धूळ व्हॅक्यूमने ओढून घेतली होती. डब्यावर लिहिल्याप्रमाणे चार भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर वजन करूनच मिसळले.

डबे उघडल्यावर थिनरचा इतका उग्र वास आला की मदतीला आलेला पुतण्या ‘काका, थोडं थांबू या’ म्हणाला. त्याचे ऐकायला हवे होते. दुसरी खूण बादलीत होती. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निर्माण होते, आणि बिनथिनरचा माल बादलीत साठवून ठेवला तर अर्ध्यापाऊण तासात ती हाताला चांगली गरम लागते. आमची बादली चाळीस मिनिटांनंतरही थंडच होती. तरीही आम्ही रोलर फिरवत राहिलो.

येथे एका धोक्याविषयी सांगायलाच हवे, कारण पैशांच्या नुकसानीपेक्षा तो मला अधिक गंभीर वाटतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून आम्ही धूळ नको म्हणून खिडकी बंद ठेवली होती, आणि त्याच खोलीत बेंच ग्राइंडर आहे. त्या संध्याकाळी कोणी सहज म्हणून तो सुरू केला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

साधारण आठवड्याभरात इपॉक्सी पूर्ण घट्ट व्हायला हवे. तीन आठवड्यांनंतरही आमच्या जमिनीवर नखाचा ओरखडा उठत होता, व्हाइसचे टेबल सरकवले तेथे पापुद्रा निघाला, आणि थिनरचा बोळा घासला की कापडाला राखाडी रंग लागत होता. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. ‘साहेब, तुमच्या कोब्यातच ओल आहे, वरून टॉप कोट मारला की सगळं बसेल,’ असे म्हणून त्याने आणखी ४,२०० रुपये मागितले आणि मी तेही दिले. ओल नसल्याची चाचणी मी स्वतः केलेली असताना त्याच्या ठाम आवाजापुढे माझाच माझ्या कामावरचा विश्वास डळमळला.

टॉप कोटचा डबा वाटेत होता तेव्हा मी निघालेला पापुद्रा मायक्रोमीटरमध्ये धरला. जाडी भरली ०.१९ मिलिमीटर. मग दोन्ही डब्यांच्या तळाशी उरलेला माल त्याच प्रमाणात मिसळून ५० ग्रॅम मिश्रण स्टीलच्या झाकणात पातळ पसरले आणि स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज वजन घेतले. दहाव्या दिवशी ३१ ग्रॅम उरले. खऱ्या शंभर टक्के घन मालाचे वजन घट्ट होताना जवळजवळ घटत नाही. येथे १९ ग्रॅम उडून गेले होते. ही चाचणी कोणालाही घरी, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून करता येते, आणि ती संपूर्ण जमीन रंगवण्याआधी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डब्याचे लेबल सोलले तेव्हा खाली दुसरे, एका औद्योगिक रंगाचे लेबल निघाले. त्यावरची तारीख सुमारे तीन वर्षांपूर्वीची होती. यावरून आतला माल तोच होता असे सिद्ध होत नाही, डबा तेवढा जुना होता असे म्हणता येते. परंतु वरच्या लेबलावर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किंमत यांपैकी काहीच नव्हते, आणि वजन मार्करने लिहिलेले होते. असा डबा दिसला की तो उघडूच नये. आहे तसा परत करावा. तांत्रिक माहितीपत्रक आधी मागावे, त्यात घन भागाचे प्रमाण लिहिलेले नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि विक्रेत्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. तो दुसऱ्या शहरातला असला तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मला माझ्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोनवरील संदेश, पापुद्र्याचे तुकडे आणि वजनांची वही मी एका खोक्यात ठेवली आहे. टॉप कोटचा डबाही त्यातच आहे. तो मी उघडलेला नाही.