अठ्ठावीस कप्प्यांची गोळ्यांची डबी: लांबच्या प्रवासात कितपत कामाची?

सात सुट्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार कप्पे आणि सगळ्या पट्ट्या बसवायला एक ट्रे. घरी वापरायला ही डबी उत्तम. दीड-दोन महिन्यांच्या प्रवासाला निघताना मात्र तिच्याकडून एवढंच काम करून घ्यावं: चालू आठवड्याच्या गोळ्या सांभाळणं. पुढचा सगळा साठा स्ट्रिपमध्येच राहू द्यावा. महिनाभराच्या गोळ्या एकदम भरता येतील अशा मोठ्या डब्याही मिळतात. त्या प्रवासासाठी घेऊ नयेत. दोन्हींचं कारण एकच: दमट हवा.

स्ट्रिपमधली प्रत्येक गोळी आपापल्या घरात बंद असते. डबीचं झाकण कितीही टक्कन बसलं तरी ते हवाबंद नसतं, त्यामुळे दमट हवेत गोळ्या मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात, डाग धरतात. काही गोळ्या तर आठवड्यासाठीसुद्धा या डबीत जाता कामा नयेत. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या बाटलीत येते ती उगीच नाही: तिच्यातलं औषध उडून जातं आणि प्लास्टिक ते शोषून घेतं. रक्त पातळ ठेवणारं डॅबिगॅट्रान आणि फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट ओल धरतात. तोंडात विरघळणाऱ्या आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचंही तेच. ही सगळी मूळ वेष्टनात ठेवायची आणि डबीच्या त्या कप्प्यात ‘बाटलीतली घ्या’ अशी कागदाची चिठ्ठी टाकायची, म्हणजे डोस विसरत नाही.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घेतात. ते रोजच्या कप्प्यांत चुकून भरलं गेलं, तर जिवावर बेतू शकतं. त्याची स्ट्रिप वेगळ्या पाकिटात ठेवून वर वार ठळक लिहावा. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटावर वार किंवा क्रम छापलेलाच असतो, त्या डबीत काढून काही मिळत नाही.

आता झाकणं. डबी निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. नखाने उचलायचं साधं झाकण सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीखाली दाबलं की उघडतं आणि मग चार कप्प्यांतल्या गोळ्या एकत्र होतात. त्यात दोन पांढऱ्या गोल गोळ्या असल्या, तर कुठली कुठली हे सांगता येत नाही. असा डोस घेऊ नये. बटण दाबून उघडणारी झाकणं जास्त भरवशाची, पण बोटं आखडलेल्या माणसाला ती जड जातात. उपाय साधा आहे: पट्टीला रुंद रबर लावायचं आणि डबी झिपच्या पिशवीत ठेवायची. लहान मुलांना ही झाकणं सहज उघडतात, हे हॉटेलच्या खोलीत विसरू नये.

कप्प्याची लांबीही पाहावी. हजार मिलिग्रॅमची माशाच्या तेलाची कॅप्सूल सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती मावली तरी सोबत कॅल्शियमची गोळी आली की झाकण अर्धवट बसतं. व्हिटॅमिनना मुळात या डबीचा फारसा उपयोग नाही. तेलाच्या कॅप्सूल उन्हात मऊ होऊन एकमेकींना चिकटतात, चघळायच्या मऊ व्हिटॅमिन गोळ्यांचा, म्हणजे गमीजचा तर गोळाच होतो, आणि बी-कॉम्प्लेक्सचा वास नि पिवळा रंग शेजारच्या गोळीला लागतो. बाटलीत आलेली व्हिटॅमिनं बाटलीतच न्यावीत, आतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी फेकू नये. थायरॉईडच्या गोळीनंतर कॅल्शियम किंवा लोह घ्यायला चार तासांचं अंतर लागतं. म्हणून थायरॉईडची सकाळच्या कप्प्यात आणि ही दोन्ही पुढच्या कप्प्यांत, तीही एकमेकांपासून वेगळी.

भरताना एका वेळी एकच औषध घ्यावं. ते सातही दिवसांच्या कप्प्यांत टाकायचं, मग स्ट्रिपमधली फोडलेली घरं मोजायची. रोज एक असेल, तर बरोबर सात भरायला हवीत. सहा किंवा आठ आली तर चूक तिथेच सापडते. एकेका दिवसाचे चार कप्पे पूर्ण भरत गेलं की हा ताळा उरत नाही. अर्ध्या गोळ्या त्या आठवड्यापुरत्याच मोडाव्यात, हेलकाव्यांनी त्यांचा चुरा होतो. एसआर, एक्सआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) किंवा आतड्यात विरघळणाऱ्या लेपाच्या गोळ्या मोडू नयेत.

साठ्याचा हिशेब: पंचेचाळीस दिवसांचा प्रवास, वर सात दिवस जादा, म्हणजे ५२ दिवस. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर १०४. पंधराच्या सात स्ट्रिप पुरतात, दहाच्या अकरा लागतात. हा साठा हातातल्या बॅगेत न्यावा, जादा आठवडा सोबतच्या माणसाकडे द्यावा. विमानात सामानाच्या बॅगेत औषध टाकू नये: बॅग हरवते, आणि इन्सुलिन गोठलं तर कायमचं वाया जातं. इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवून वापरायची पिशवी कोरड्या हवेत छान चालते, दमट हवेत मात्र पाणी उडत नाही, त्यामुळे थंडावाही कमीच मिळतो. स्ट्रिप कापायचीच असेल, तर एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या बाजूने कापावी.

सीमेवर तपासणी झाली की डबीतल्या सुट्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. ट्रॅमाडॉल, कोडीन ही वेदनाशामकं आणि झोपेच्या काही गोळ्या यांवर कित्येक देशांत कडक निर्बंध आहेत. त्या मूळ वेष्टनातच न्याव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतो. पॅरासिटामॉललाही काही ठिकाणी अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. अशा औषधांचे नियम जायच्या देशाच्या दूतावासाकडून आधी विचारून घ्यावेत.

डबीवरच्या ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ला वेळेचे पट्टे (टाइम झोन) ओलांडताना अर्थ उरत नाही. फिट्सवरची औषधं, रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि इन्सुलिन यांचं तासांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि पहिले दोन दिवस त्यावरच चालावं.

छापील अक्षरं घासून जातात, कोरलेली टिकतात. आठवडा बदलताना डबी धुतलीत तर झाकणं उघडी ठेवून रात्रभर वाळवा. पाणी झाकणाच्या बिजागरीत लपून बसतं आणि नव्या आठवड्याची पहिली गोळी तेच भिजवतं.