काकवीसाठी 2 बाय 4 फुटी स्टीलची काहील: घ्यावी का?

घरच्या उसाची काकवी करायला गुऱ्हाळाएवढी काहील लागत नाही आणि खोल पातेल्यात रस आटता आटत नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मिळणारी ही सपाट काहील नेमकी मधल्या मापाची आहे. तळ 2 बाय 4 फूट, काठ 10 इंच, 304 ग्रेडचा (खाद्यपदार्थांना चालणारं स्टील) 16 गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाड पत्रा, टिग (बारीक, स्वच्छ जोडाचं) वेल्डिंग. पत्रा सुमारे 21 किलो भरतो. भाव किलोवर ठरत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

जाळ तळभर सारखा लागला, तर सपाट काहिलीतून दर चौरस फुटाला ताशी साधारण साडेतीन लिटर पाणी उडतं. म्हणजे इथे 28 लिटर. 18 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेची टक्केवारी) 100 किलो रसातून 72 ब्रिक्सची 25 किलो काकवी उतरते, 75 लिटर पाणी घालवावं लागतं. रस तापण्याचा वेळ धरून सव्वातीन तासांचं आदण (एका वेळेची आटवणी). फार रेंगाळलं की रंग काळवंडतो.

पण नुसत्या वेगावरून माप ठरवू नका, शेवटी काहिलीत काय उरणार ते आधी मोजा. 25 किलो काकवी म्हणजे साधारण 18 लिटर. या तळावर ती जेमतेम इंचभर उभी राहते आणि तेवढी हवीच. 40 किलोच रस घातला तर अखेरीस एक सेंटीमीटर थर उरतो आणि कोपरे हमखास करपतात. तेवढ्या रसाला 2 बाय 2 चीच काहील बनवून घ्या.

हेच शॉप मेपल सिरपच्या ड्रॉइंगवरून तळाला खोल पन्हळी पाडूनही देतं. मेपलच्या रसात साखर जेमतेम 2 टक्के, एक लिटर सिरपला 40 लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो, म्हणून तिकडे तापणारं क्षेत्र वाढवतात. उसाच्या रसाची मळी (रसातला गाळ) त्या पन्हळींत बसते आणि जळते. ते मॉडेल घेऊच नका.

कारागिरी चांगली आहे. कोपरे दुमडून घेतल्यामुळे वेल्डचे जोड कमी आहेत, आतून पॉलिशही नीट आहे. खरी खोट तोटीत आहे. दीड इंची नळी तळापासून 6 मिलिमीटर वर जोडली आहे. ऐकायला किरकोळ, पण या तळावर 6 मिलिमीटर म्हणजे साडेचार लिटर काकवी, अख्ख्या आदणाचा चौथा हिस्सा! ती तोटीतून उतरत नाही आणि खालच्या तापलेल्या चुलीवर तशीच करपते. नळी तळाशी समतल लावायला सांगा, ऑर्डरवर तसं लिहून घ्या. तळाखाली आडव्या पट्ट्याही नाहीत, त्यामुळे पत्रा मधोमध फुगतो आणि शेवटी नेमका तोच भाग उघडा पडतो. चुलवणावर दोन लोखंडी अँगल आडवे टाकले की पुरतं.

गॅसवर एका आदणाला साधारण 9 किलो एलपीजी लागतो. 19 किलोची एकच टाकी जोडली तर ती गार पडून दाब उतरतो आणि नेमका शेवटी जाळ मंदावतो. दोन-तीन टाक्या एकत्र जोडा. सगळा रस एकदम ओतू नका, फेस काठावर येतो. 60 लिटरने सुरुवात करा. उरलेला रस दुसऱ्या पातेल्यात तापवून, भेंडीच्या पाण्याने मळी काढून मग घाला. रस रसवंतीतून आणणार असाल तर बर्फ, लिंबू, आलं न घातलेला मागा आणि गाळल्यावर लगेच चुलीवर चढवा.

सोबतचा थर्मामीटर 300 अंशांपर्यंतचा आहे, इथे एकेका अंशाला महत्त्व असल्याने तो निरुपयोगी. 150 पर्यंतचा डिजिटल घ्या. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर असल्यामुळे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पुस्तकातले 105-106 अंश इथे जसेच्या तसे धरले तर काकवी जास्त घट्ट होते. आधी साधं पाणी उकळून आकडा टिपा आणि त्यापुढे 6 ते 7 अंशांवर जाळ ओढा. खात्रीसाठी 58 ते 90 ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं उपकरण) वापरा, थेंब गार करून.