एक्सेलचा मराठी कोर्स: हळदीचा अख्खा हंगाम वापरल्यावर

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब सांभाळते. गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये एका खासगी ॲपवर २,४९९ रुपये भरून वर्षभराचा एक्सेल कोर्स घेतला. व्हिडिओ किती, सर्टिफिकेट कसलं, हे सगळं जाहिरातीत आहेच. हंगामात काय कामाला आलं तेवढं सांगते.

आधी राग. व्हिडिओ फक्त मोबाईलवर चालायचे, संगणकावरून लॉगिनच नाही! सर संगणकाची अख्खी स्क्रीन दाखवतात. ती फोनवर एवढीशी होते आणि फॉर्म्युल्यात स्वल्पविराम आहे की पूर्णविराम तेही कळत नाही. मोठं करून बघावं तर ॲप करू देत नाही. वर सरावाची फाइल नाही. सर ज्या पगारपत्रकावर शिकवतात ते आपण आधी रकान्यागणिक टाइप करायचं, मग धडा सुरू. आमच्यासारख्याला दुकान बंद झाल्यावर जेमतेम तासभर मिळतो, तो टायपिंगमध्येच जातो. पैसे घेणाऱ्याने एवढंही देऊ नये? निम्मे मार्क मी या एका गोष्टीपायी कापते.

फेब्रुवारीत आवक वाढली. खाते नंबर टाकला की शेतकऱ्याचं नाव पट्टीवर, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, आपोआप यावं म्हणून धड्यातल्याप्रमाणे व्हीलुकअप हा यादीतून माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला लावला, तर भलत्याचंच नाव यायला लागलं. पट्टी छापायच्या आधी दिसलं म्हणून निभावलं. त्या फॉर्म्युल्यात चौथ्या जागी फॉल्स किंवा शून्य घातलं नाही, तर एक्सेल जवळपासची जुळणी चालवून घेतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर कुणाचंही नाव आणून ठेवतं. सरांची यादी क्रमाने लावलेली होती, म्हणून त्यांचं उत्तर बरोबर येत होतं. कस्टमर केअरचं उत्तर एकच, ‘मॅडम, व्हिडिओ परत बघा.’

शेजारच्या दुकानातल्या दिवाणजींच्या मुलीने आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल सुचवलं. फुकटचं काय असणार, असं वाटलं होतं. पण लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्रामचे धडे मराठी आवाजात, साधारण दहा-दहा मिनिटांचे, डाउनलोड करून ठेवता येतात. स्क्रीनच्या एका बाजूला छोट्या खिडकीत व्हिडिओ, उरलेल्या जागेत कॅल्क. त्यांनी एक पायरी केली की थांबवायचं आणि तीच आपण करायची, ही पद्धत त्यांनीच घालून दिली आहे. बोललेलं सगळं वेळेसकट लिहूनही दिलेलं असतं, त्यामुळे एका कमांडसाठी अख्खा धडा पुन्हा ऐकावा लागत नाही. सॉर्ट आणि फिल्टर माझ्या हातात बसले ते इथे. भाषा जरा पुस्तकी आहे आणि धडे जुन्या आवृत्तीवरचे, त्यामुळे मेनू शोधावे लागतात. पण लिब्रेऑफिसही फुकट, घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसतं. त्याच्या २४.८ आवृत्तीपासून एक्सलुकअप हे व्हीलुकअपचं नवं भावंडही आलंय, आणि ते काही न सांगता नेमकी जुळणीच शोधतं. पट्टीसाठी मी आता तेच वापरते.

इथवर वाचून कोर्स टाकाऊ वाटेल. मीही एक स्टार देऊन बसले होते. पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कंपनीने संगणकाचं लॉगिन उघडून दिलं. मग मोठ्या स्क्रीनवर पिव्होट टेबलचा, म्हणजे लांबलचक नोंदींचा नावागणिक गोषवारा काढण्याचा, धडा पाहिला. फार सुंदर शिकवलंय. सर एक रकाना ओढून ठेवतात, थांबतात, टेबलात काय बदललं ते बोटाने दाखवल्यासारखं सांगतात आणि मगच पुढचा घेतात. कुठल्या व्यापाऱ्याने किती पोती उचलली आणि कुणाकडे किती येणं आहे, हे काढायला महिनाअखेरीला कॅल्क्युलेटर घेऊन अख्खी संध्याकाळ जायची. आता चहा येईस्तोवर यादी मालकांच्या टेबलावर असते. त्या एका धड्यासाठी तीन स्टार केले.

सरावाच्या फाइली मात्र अजून नाहीत. दोनदा लेखी मागितल्या, ‘टीमला कळवलं आहे’ एवढंच उत्तर आलं. मुदत दिवाळीला संपते. तोवर फाइली आल्या तर पुढच्या वर्षाचे पैसे आनंदाने भरीन. नाही आल्या तर पिव्होटच्या माझ्या टिपणवहीवर भागेल.