जुनी ४०७: आहे तेच इंजिन बांधायचं की कॉमन रेलचा पूर्ण सेट टाकायचा?

नागपुरात वाडी, कापसी, कळमना, कुठेही उभं राहा, जुनी टाटा ४०७ दिसतेच. १९८६ साली आलेली ही छोटी मालवाहू गाडी. चॅसी जपलेलं असेल तर वीस-पंचवीस वर्षांनीही ते सरळ असतं, थकतं ते इंजिन. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर निघतो, दर दोन-चार फेऱ्यांनी ऑइल टाकावं लागतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तापलेल्या इंजिनाचं ऑइल प्रेशर खाली बसतं. अशा वेळी एक मिस्त्री म्हणतो, "खोलून बांधून टाकू." दुसरा म्हणतो, "भाऊ, अपघातातल्या नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय, तेच टाका."

कॉमन रेल म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारं, कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन. माझं मत आधीच सांगतो. गाडी रोज भाड्यावर चालत असेल आणि घर तिच्यावर असेल, तर जुनं इंजिन बांधा. कॉमन रेलचा सेट टाकणं हे खरोखर चांगलं काम आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत आणि त्यातली पहिली अट गॅरेजमधली नाही, आरटीओतली आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायला वाट आहे: आधी मंजुरी घ्यायची, काम झालं की नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. जुना मेकॅनिकल पंपवाला प्रकार काढून कॉमन रेल टाकणं मात्र "त्याच प्रकारचं" ठरेलच असं धरून चालू नका. बिनपरवाना बदलाला कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणजे दरवर्षी कुणीतरी इंजिन नंबर बघणारच. आणि अपघात झाला, विमा कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडलं आणि आत आरसीबाहेरचं इंजिन दिसलं, तर क्लेम तिथेच अडकतो. म्हणून गाडी ज्या आरटीओकडे नोंदलेली आहे, शहर, पूर्व किंवा ग्रामीण, तिथे लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल"वर एक बोल्टसुद्धा सैल करू नका. ४०७ मध्ये दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवायचा विचार तर सोडूनच द्या.

आता मंजुरी मिळाली असं धरू आणि दोन्ही इंजिनं शेजारी ठेवू.

ओढीत कॉमन रेल सरळ पुढे आहे. जुनं ४९७ इंजिन २९५६ सीसीचं, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. पुढच्या काळात टाटाने ४०७ ला जे कॉमन रेल इंजिन दिलं तेही २९५६ सीसीचंच, पण टर्बो आणि इंटरकूलरमुळे कमी आरपीएमवरच भरपूर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं. काटोलहून संत्री भरून येताना चढावर जिथे जुन्या गाडीला तिसऱ्यात उतरावं लागतं, तिथे ही चौथ्यात निघते. डिझेल फार बारीक फवाऱ्यात आणि कॉम्प्युटरने ठरवलेल्या क्षणी जातं, त्यामुळे काळा धूर कमी, आवाज कमी, मायलेजही बरं.

रस्त्यावर बंद पडल्यावर पारडं उलटं फिरतं. जुन्या इंजिनाला डिझेल, हवा आणि कॉम्प्रेशन मिळालं की ते चालतं. एअर धरली तर ब्लीड करायची, बॅटरी उतरली तर धक्का मारायचा. कोंढाळीला रात्री दोन वाजता ड्रायव्हर पान्याने ते चालू करू शकतो. कॉमन रेलला क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला तर इंजिन चांगलं असूनही गाडी जागची हलत नाही, आणि बॅटरी मेली असेल तर धक्क्याचाही भरवसा नाही. स्कॅनरवाला माणूस नागपुरात सहज सापडतो, आडरस्त्यावर नाही. डिझेलची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची. जुनं नोझल साधारण दोन-अडीचशे बारला उघडतं, कॉमन रेलचं प्रेशर लोडवर हजार बारच्या पार जातं. ड्रममधून काढलेलं पाणीमिश्रित डिझेल जुना पंप काही दिवस सोसतो, कॉमन रेलचे इंजेक्टर सोसत नाहीत.

सेट घेणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्धवट सेटमुळे. नुसतं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून आणलं की मागून एकेक वस्तू शोधत फिरावं लागतं. एकाच गाडीतून सगळं यायला हवं: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग हार्नेस, फ्यूज बॉक्स, सेन्सरवालं अ‍ॅक्सिलरेटर पेडल, मीटर, चावी आणि इमोबिलायझर, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, पाण्याचा सेन्सर असलेला डिझेल फिल्टर. प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो आणि तो ईसीयूत चढवलेला असतो, म्हणून इंजेक्टर आणि ईसीयू एकमेकांपासून तोडू नका. शक्य असेल तर ते इंजिन त्याच्या मूळ गाडीत चालू करून दाखवायला सांगा. इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून मोजा, एकच बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर गेला. जुना फिल्टर कापून आत बघा. चमकणारी धातूची भुकटी दिसली तर हाय प्रेशर पंप झिजलाय आणि ती भुकटी रेलमधून इंजेक्टरपर्यंत पोहोचली आहे. असा सेट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा बीएस-४ नंतरचा कडक टप्पा) गाडीचा सेटही या कामाला घेऊ नका, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि तिचे सेन्सर जुन्या गाडीत नीट बसवणं फार किचकट आहे. बीएस-४ पर्यंतच थांबा. आणि त्या गाडीचं बिल, रद्द झालेली आरसी, इंजिन नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर चोरीचा माल गळ्यात येईल.

गिअरबॉक्स सोबत घेण्यामागे कारण आहे. क्लच, फ्लायव्हील, बेल हाउसिंग आणि इनपुट शाफ्टचे दाते त्या इंजिनाशी जुळलेले असतात, वाढलेला टॉर्कही त्या बॉक्सने पेलायचा असतो. पण बॉक्सची लांबी वेगळी निघाली तर क्रॉस मेंबर सरकवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागतो. बॅलन्स न करता बसवला की साठच्या पुढे गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. मागच्या हाउसिंगमधला क्राउन-पिनियन जुन्या इंजिनाच्या हिशोबाचा आहे, त्याचा रेशो तपासून घ्या. ब्रेक बूस्टरला नव्या इंजिनाचा व्हॅक्यूम पुरेसा मिळतो का, हे गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी बघायचं. ईसीयू आणि हार्नेस एक्झॉस्टपासून लांब, केबिनच्या सावलीत. नागपूरच्या उन्हाळ्यात जुना रेडिएटर टर्बो इंजिनाला पुरत नाही, तोही बदलावा लागतो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ओढ वाढली म्हणून माल वाढवू नका. आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं. पाटे, ब्रेक ड्रम, एक्सल सगळं जुनंच असतं. चढताना इंजिन साथ देईल, उतरताना मात्र त्याच जुन्या ब्रेकवर माणसांचा जीव असतो.

जुनं इंजिन बांधायचं ठरलं तर ते पूर्ण बांधा. नुसते रिंग-पिस्टन टाकून भागवणाऱ्याकडे जाऊ नका. लायनर, क्रँक ग्राइंडिंग आणि त्या मापाचे बेअरिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व सीट, ऑइल पंप, आणि शेवटी पंप-नोझल टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट. कॅलिब्रेशन टाळलं तर नवं बांधलेलं इंजिनही धूर ओकतं. खर्च सेटच्या मानाने बराच कमी, इंजिन नंबर तोच, आरटीओचा विषयच नाही, आणि पार्ट जिल्ह्यात कुठेही मिळतात.

मधला पर्याय म्हणजे मेकॅनिकल पंपवालं ४९७ टर्बो. मंजुरी लागतेच, पण वायरिंग जवळजवळ नाही आणि ओढ बऱ्यापैकी वाढते. फक्त जुन्या बिनटर्बो इंजिनालाच टर्बो चढवून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्याचे पिस्टन त्या उष्णतेसाठी बनलेले नसतात.

कॉमन रेलचा सेट कुणाला? चॅसी आणि केबिन उत्तम आहे, हातात लेखी मंजुरी आहे, अख्खी गाडी सेटसाठी मिळाली आहे, काम चालू असताना दुसऱ्या गाडीवर धंदा चालतो आणि फेऱ्या मुख्यतः महामार्गाच्या आहेत, अशा मालकाने जरूर करावं. चॅसी गंजलेलं असेल तर दोन्ही खर्च टाळा, गाडी विका आणि कागद साफ असलेली बीएस-४ सेकंडहँड ४०७ बघा.