सम येथील तंबूंच्या नावाखाली ₹98,500 गेले : छायाचित्र सहली काढणाऱ्यांनी अवश्य वाचावे

जैसलमेरजवळील सम येथे तंबू, जीप आणि उंटवाले ठरवण्यासाठी मी चार हप्त्यांत ₹98,500 भरले आणि त्यातला एक रुपयाही तंबूंच्या खऱ्या मालकापर्यंत पोहोचला नाही. पहिल्यांदा बुकिंगचे ₹35,000, मग ‘जीएसटीसह कन्फर्मेशन’चे ₹42,000, ड्रोनच्या परवानगीचे ₹9,500 आणि शेवटी परत मिळणार असलेली अनामत ₹12,000. अशा गोष्टी कशा चालतात हे आपण सगळेच जाणतो, रोज वर्तमानपत्रात वाचतो आणि ‘लोक फसतात तरी कसे’ म्हणून पान उलटतो. मीही तेच करत होतो.

मी काही सहल कंपनी चालवत नाही. पहाटे गोदाघाटावर आणि हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला कॅमेरे घेऊन हिंडणारा आमचा नाशिककरांचा एक साधा गट आहे. त्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, दोन शिक्षिका आहेत, महाविद्यालयातली मुलेही आहेत. वाळवंटात तीन रात्रींची कार्यशाळा घ्यावी, डिसेंबरातील अमावास्येच्या आसपास कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवून ताऱ्यांच्या रेषा टिपाव्यात, पहाटेच्या तिरप्या उजेडात वाळूच्या लाटा शिकवाव्यात, एवढाच बेत होता. अकरा जणांकडून प्रत्येकी ₹14,500 घेतले, त्यात रेल्वेचे तिकीटही आले. शिकवण्याचा एक पैसा मी लावला नव्हता. हे आवर्जून लिहितो, कारण नंतर ‘कमिशन खायला गेला असेल’ असेही कानावर आले.

तंबूंचा क्रमांक मला नकाशाच्या ॲपवरील त्यांच्या नोंदीत मिळाला. जागा खरी, छायाचित्रे खरी, अभिप्राय खरे; फक्त फोन क्रमांक कोणीतरी बदललेला. फोनवरचा माणूस ‘खम्मा घणी’ म्हणून सुरुवात करायचा, उंटवाल्याला साफा कोणत्या रंगाचा हवा असे विचारायचा, सूर्योदयाला जीप किती वाजता लावू म्हणायचा. छायाचित्रकारांची नड त्याला नेमकी ठाऊक होती. मी दोन ठिकाणी दर विचारले होते, त्याचा दर त्यांच्यापेक्षा फार कमीही नव्हता. स्वस्ताच्या मोहाने गेलो असे कोणी म्हणू नये.

आता जिथे मला कळायला हवे होते त्याबद्दल. पहिला हप्ता भरण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने एक छायाचित्र पाठवले : तंबूंची रांग, टेकडीच्या धारेवर उंट, आणि वर आकाशगंगेचा झगझगीत गाभा उभा. खाली लिहिले होते, ‘भाईसाहब, गेल्या डिसेंबरची बॅच.’ डिसेंबरात सूर्य त्याच दिशेला असतो. धनू राशीकडचा तो गाभा सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो, त्यामुळे त्या महिन्यात तो रात्री दिसूच शकत नाही. हे मी स्वतः शिकवतो. सहलीच्या तयारीच्या बैठकीत याच अकरा जणांना मी सांगितले होते की गाभ्याची आशा धरू नका, आपल्याला मृग मिळेल, आणि ध्रुव नाशिकच्या 20 अंशांऐवजी तिथे 27 अंशांवर असल्याने ताऱ्यांच्या वर्तुळांची रचना बदलावी लागेल. आणि तरीही ते छायाचित्र मी ‘क्या बात है’ लिहून गटावर पुढे पाठवले. अकरा जणांनी अंगठे दाखवले. उंटाच्या पायांखालची सावली, क्षितिजाची रेषा, सगळे मोठे करून पाहिले. आकाश तेवढे पाहिले नाही. चित्र सुंदर असले की छायाचित्रकाराची अक्कल गहाण पडते, आणि त्या माणसाला हे माझ्याआधी उमगले होते.

पैसे पाठवताना पडद्यावर नाव आले ते तंबूंचे नव्हते, कोण्या तिऱ्हाईताचे होते. ‘आमच्या अकाउंटंटचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. पिन टाकण्याआधी दिसणारे नाव हाच आपल्या हातातला शेवटचा पुरावा असतो, तो कोणाच्या शब्दावर सोडू नका. बिलावर जीएसटी क्रमांकही होता, 09 ने सुरू होणारा. राजस्थानचा क्रमांक 08 ने सुरू होतो, 09 उत्तर प्रदेशचा. शिवाय जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो. मी तो तपासला, पण परतल्यावर. ड्रोनच्या परवानगीचे दलालाला पैसे द्यायचे नसतात. कुठे उडवता येतो हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’वरच्या नकाशात दिसते.

जैसलमेर स्थानकावर उतरलो तेव्हा जीप नव्हती आणि फोन बंद होता. आदल्या रात्री नऊपर्यंत तो माणूस ‘गाडी वेळेवर आहे ना’ विचारत होता. टॅक्सी करून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे सम गाठले. व्यवस्थापकाने वही उघडून बोट फिरवले. त्या तारखांना आमचे नाव नव्हते. मग त्याने फाटकावरच्या पाटीकडे हात केला आणि स्वतःच्या मोबाइलवर ॲपमधली नोंद दाखवली : शेवटचे चार आकडे वेगळे. त्यालाही ते तेव्हाच कळले. पाटीवरचा क्रमांक पर्यटकांनी टाकलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. तो आणि नोंदीतला क्रमांक जुळवून पाहायला दोन मिनिटे लागतात. त्याने बिचाऱ्याने जेवू घातले आणि जागा दिली, पण तिचे पैसे पुन्हा भरावे लागलेच, ते माझ्या खिशातून.

सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच दुपारी तक्रार नोंदवली. ‘लगेच फोन करायला हवा होता, पैसे पुढच्या खात्यांत गेले’ असे ऐकवण्यात आले. अहो, फसल्याचे कळल्याबरोबरच फोन केला ना! नाशिकला आल्यावर ज्या ठाण्यात गेलो तिथे आधी साहेब बंदोबस्ताला, मग संगणक बंद, आणि अखेर ‘पैसे राजस्थानात गेले, तिकडे द्या.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागदासह दाखवले. ‘वकील आहात का?’ नाही. ‘मग शिकवू नका.’ अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा मात्र नोंदवला नाही. बँकेत गेलो तर व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलात, हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही, असे सौम्य शब्दांत सांगून पुढच्या ग्राहकाचा टोकन क्रमांक पुकारला. ज्या बँकेत ते खाते उघडले गेले तिने कोणाची कागदपत्रे पाहून ते उघडले, असे लेखी विचारले. ग्राहकाची माहिती गोपनीय आहे, असे उत्तर आले. चोराची गोपनीयता जपली जाते आणि मी माझे आधार, पॅन, खात्याचे उतारे प्रत्येक टेबलावर नव्याने देत फिरतो. नकाशाच्या ॲपकडे तक्रार केली तेव्हा आभाराचा संदेश आला. चुकीचा क्रमांक त्यानंतरही बरेच दिवस तिथेच होता.

गटाचे पैसे घेणाऱ्यांनी एक करावे : रक्कम स्वतःच्या खात्यातून एकट्याने भरू नये, दोघांनी तरी आधी पाहावी. आमच्या काकांनी ते नाव पाहिले असते तर बँकेतला माणूस म्हणून जागीच थांबवले असते. आणि ‘परत मिळणारी अनामत’ मुक्कामाला पोहोचण्याआधी मागितली, तर फोन ठेवून द्या.

पुढच्या खात्यांपैकी एकात ₹3,200 रोखून धरल्याचे कळवले आहे. ते मिळवायला न्यायालयाचा आदेश लागेल असे मला सांगण्यात आले, आणि त्या अर्जासाठी वकिलांनी ₹5,000 सांगितले आहेत.