सप्ताहातली दोन कीर्तनं, विषय एकच पण फरक केवढा

यंदा आमच्या गावच्या सप्ताहात लागोपाठ दोन दिवस व्यसनावरच कीर्तन झालं, रात्री ९ ते ११, म्हणून दोन्हीबद्दल लिहितोय. पहिल्या दिवशीचे महाराज अभ्यासू, पाठांतर जबरदस्त, पण सूर सगळा दटावणीचा, माईकवर ओरडून ओरडून तरुण पोरांना आणि सुनांना झापलं, लोक हसले, टाळ्याही पडल्या, पण जो तो शेजारच्याकडे बघत होता, आपल्याला काही बोललेत असं कुणालाच वाटलं नाही. आणि ज्यांच्यासाठी कीर्तन होतं ती पोरं तर पहिल्या अर्ध्या तासातच उठून गेली.

दुसऱ्या दिवशीचे महाराज हळू बोलत होते. तुकोबांचा अभंग घेतला, पखवाज थांबवला आणि 'घरी वाट बघणाऱ्या लेकराला आपण काय सांगतो?' एवढंच विचारून गप्प राहिले. तुम्ही नाही, आपण! मंडपात चिडीचूप. माझ्या बाजूच्या काकांनी खिशातली तंबाखूची पुडी काढून मांडवाबाहेर टाकली, मी स्वतः पाहिलं.

गाडगेबाबा असेच प्रश्न विचारत कीर्तन करायचे, समोरच्यांकडूनच उत्तर काढून घ्यायचे, आणि कडक बोलले तरी लोक ऐकायचे कारण कीर्तनाआधी त्यांनी त्याच गावचा रस्ता हातात झाडू घेऊन झाडलेला असायचा. कडक बोलू नये असं माझं म्हणणं नाही, पण आधी आपलेपणा हवा ना.

साऊंड दोन्ही दिवस चांगला, टाळकरी मस्त. पहिल्याला ५ पैकी २, दुसऱ्याला पूर्ण ५, पुढच्या वर्षी काल्यालाही यांनाच बोलवा.